रिपोर्ट चांगला आला, मग गोळी कशाला?



एच.आय.व्ही.ची गोळी घेणाऱ्याच्या रिपोर्टवर ‘विषाणू आढळला नाही’ असे आले की घरात आनंद होतो. व्हायलाच हवा. पण त्याच आनंदात काहीजण गोळी सोडतात आणि घात होतो. पुण्याला हा विषय परका नाही. जवळच भोसरीत १९९२ साली ‘नारी’ ही राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. तरीही विषाणू पेशीत शिरून करतो काय, हे आम्हाला कोणी नीट सांगत नाही.

आपल्या पेशीत डीएनए हे मूळ दप्तर. त्यावरून आरएनए ही नक्कल निघते आणि नकलेबरहुकूम प्रथिने बनतात. एच.आय.व्ही. हा रेट्रोव्हायरस, म्हणजे उलट्या चालीचा. तो आरएनए घेऊन येतो, सीडी ४ या पांढऱ्या पेशीत शिरतो आणि नकलेवरून मूळ कागद तयार करतो! हे करणारे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज १९७० साली अमेरिकेत टेमिन आणि बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे शोधले. त्याआधी टेमिन यांचे म्हणणे बहुतेक शास्त्रज्ञ मानत नव्हते. १९७५ साली दोघांना नोबेल मिळाले.

पुढे इंटिग्रेज तो कागद पेशीच्या डीएनएत डकवते. तलाठ्याच्या दप्तरात कोणी आपले नाव घुसवावे आणि मग प्रत्येक सातबाऱ्यावर ते यावे, तसे. बिचारी पेशी इमानाने विषाणूचेच भाग बनवते. प्रोटिएज ते कापून नीट करते आणि नवे विषाणू दुसऱ्या पेशी गाठतात.

सरकारी एआरटी केंद्रातल्या नेहमीच्या गोळीत हल्ली तीन औषधे असतात. टेनोफोव्हिर व लॅमिव्ह्युडिन उलटी नक्कल रोखतात, डोल्युटेग्रॅव्हिर डकवणे रोखते. आधीच डकवलेले मात्र कोणतेच खोडत नाही. अशा काही पेशी वर्षानुवर्षे झोपून राहतात, रिपोर्टात दिसत नाहीत. गोळी थांबली की बहुधा काही आठवड्यांतच विषाणू रक्तात परत येतो. उलट, रोज गोळी घेऊन तो आढळेनासाच राहिला तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

आणि ताट-पेला वेगळा ठेवणाऱ्यांना काय म्हणावे? ताटातून हा विषाणू पेशीपर्यंत पोचतच नाही. वेगळे ताट म्हणजे काय, हे आमच्या आजा-पणजांनी भोगले आहे; जयभीमवाल्यांच्या घरात तरी ते दिसू नये.

ही औषधे २००४ पासून सरकारी केंद्रात फुकट मिळतात, ससूनमध्येही. गोळ्या संपायच्या आधीच जा. गावी मुक्काम लांबणार असेल तर तिथल्या केंद्रात औषध मिळण्याची सोय आधी विचारून घ्या.