ओळख

आमच्याकडे ‘ओळख’ या शब्दाचा अर्थ एकच, वशिला. कुरुंद्यात कुणाचं पोरगं शिकून आलं की पहिला प्रश्न हाच, "कुठं ओळख हाय का?"

मागच्या वर्षी भाच्याचा फोन आला. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात एमएस्सी रसायनशास्त्र, पहिलं वर्ष. नव्या शैक्षणिक धोरणामुळे 2023-24 पासून पदव्युत्तर वर्गांना 4 श्रेयांकांचं ऑन जॉब ट्रेनिंग आलंय, म्हणजे साधारण 120 तास. "मामा, कुणाची ओळख आहे का? नुसता शिक्का मारून दिला तरी चालंल." शिक्का मारून देणाऱ्या एका ठिकाणाचा पत्ताही त्याने आधीच काढून ठेवला होता!

मी चिडलो. मग जरा वेळाने वाटलं, आपण तरी काय वेगळे होतो? गावात टोकाईचा साखर कारखाना उभा राहिला तेव्हा आमच्या पारावरची चर्चा वॉचमन किंवा चिटबॉय लागायची. साखर कारखान्यात प्रयोगशाळा असते, तिथे उसाच्या रसाचं ब्रिक्स आणि पोल मोजतात, त्यावर उतारा ठरतो आणि उताऱ्यावर ऊसवाल्याचा भाव, हे मला पुण्यात आल्यावर कळलं. रसायनशास्त्र घेतलेले आम्ही चारपाच जण होतो. आत जाऊन बघावं असं एकालाही सुचलं नाही.

असो. माझा एक जुना रूममेट मसाल्याच्या कंपनीत लॅब सांभाळतो. त्याला फोन केला. भाचा तिथे गेला आणि पहिले चार दिवस नुसती हळद दळत बसला. वैतागला. स्पेक्ट्रोफोटोमीटर त्याला येत होता. कॉलेजात पोटॅशियम परमँगनेटवर बीअर-लॅम्बर्टचा नियम करून झालेला. हळदीतलं कुरकुमीन त्याच यंत्रावर मोजतात, 425 नॅनोमीटरच्या आसपास. गणित तेच. पण मित्राने त्याला विचारलं, "नमुना कुठल्या पोत्यातला? वरचा की तळाचा? हळकुंडं की गड्डे? ओलावा किती?" याला एकही उत्तर देता येईना. प्रयोगशाळेत नमुना नेहमी बाटलीत तयार मिळतो ना!

सुट्टीत घरी आला तेव्हा तो आजोबांसमोर वही घेऊन बसला. हळद शिजवताना किती वेळ ठेवता, वाळायला किती दिवस लागतात, हळकुंडं आणि गड्डे वेगळे कधी करता. जन्मापासून घरात हळद, आणि हे प्रश्न पहिल्यांदा! 2024 मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हा सगळ्यांना अभिमान. पण ती हळद तपासणारा माणूस आमच्या पोरांना भेटलेलाच नसतो.

नोकरी लागेल का, ठाऊक नाही. मित्राने तसा शब्द दिलेला नाही, मीही मागितला नाही. पण आपण शिकतोय ते कुणाच्या कामी येतं, हे त्याला दिसलं.

मला खुपतं ते वेगळंच. त्याला मामा होता. त्याच्या वर्गातल्या ज्या पोरीचं नांदेडच्या पलीकडे कुणीच नाही, तिने काय करायचं? ती शिक्काच आणणार, आणि तिला दोष देण्यात अर्थ नाही. हे काम मामाचं नाही, विभागाचं आहे. दहा वर्षांतले माजी विद्यार्थी कुठे कामाला आहेत याची एक यादी करा, त्यांना वर्षातून दोनदा वर्गात बोलवा. भाषणाला नको, पोरांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला.

आणि वाचणाऱ्यांपैकी कुणी लॅबमध्ये, कारखान्यात, कुठेही असाल तर मला कळवा. यंदा भाच्याच्या ओळखीतल्या दोघी जागा शोधताहेत.