कपाटाचे कुलूप

शाळाप्रवेशाचे दिवस जवळ आले की बालवाडीविषयी पालकांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : ‘लिहायला कधीपासून शिकवता?’ तीन वर्षांच्या मुलाचा हात धरून वही भरवून घेणारी शाळा चांगली, हा समज आपल्या समाजात घट्ट रुजला आहे. धर्मग्रामांच्या शाळांनीही तो जोपासला, हे आम्ही कबूल केले पाहिजे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वयाची तीन ते आठ ही वर्षे एकच पायाभूत टप्पा मानून खेळ, शोध व कृती यांना त्यात स्थान दिले. विचार मात्र जुना आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या कष्टकरी वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी बालगृह उघडले. तेथील शिक्षिका साहित्याचे कपाट कुलूपबंद ठेवीत असे. एकदा ती कुलूप लावायला विसरली आणि दुसऱ्या दिवशी उशिरा आली. पाहते तो मुलांनी कपाट उघडून आपापल्या आवडीचे साहित्य घेतलेले! बाईंना ती चोरी वाटली, शिक्षा करावीशी वाटली. माँटेसरींना मात्र त्यात निवड दिसली. आपल्याला काय हवे हे मुलांना कळत होते. पुढे तेथे मुलांचा हात पोहोचेल अशी ठेंगणी कपाटे आली.

माँटेसरी म्हणजे महागडे साहित्य, असे शहरांतील पाट्यांवरून वाटते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत व नंतर कोसबाडला काम केले ते बिया, पाने, शिंपले, खडे यांवर. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात गेली. कोसबाड डहाणू तालुक्यात, आपल्या दारातच आहे; तरी आमच्या शिक्षकांच्या सहली भलतीकडेच जातात.

मुलाला मोकळे सोडणे म्हणजे वाऱ्यावर सोडणे नव्हे. शिक्षिकेने पाहत राहावे, साहित्य मांडावे, गरज पडेल तेथेच हात द्यावा. वही भरवून घेण्यापेक्षा हे अवघड आहे आणि एका वर्गात पन्नास मुले कोंबली तर अशक्यच. पहिलीत मूल मागे पडेल, ही पालकांची धास्तीही खोटी नाही. पहिलीचे वर्ग बदलले नाहीत तर बालवाडी एकटी काय करणार? म्हणून व्यवस्थापनाने दोन्ही वर्गांच्या शिक्षिकांना एकत्र बसवावे. तत्पूर्वी आपल्या बालवाडीतील कपाट किती उंचीवर आहे आणि त्याला कुलूप आहे काय, हे स्वतः जाऊन पाहावे.