दान मागण्याआधी हक्क विचारा

मा. धर्मादाय आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



नोंदणी नसलेल्या गल्लीतल्या गणेश मंडळालाही वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ सी खाली आपल्या कार्यालयाची परवानगी काढावी लागते आणि उत्सव आटोपल्यावर जमाखर्च द्यावा लागतो. पण आयसीयूत नळ्या लावून पडलेल्या मुलाचा फोटो टाकून मोबाइलवरून लाखो रुपये उभे करणाऱ्या आवाहनाचा हिशेब देणगीदारापर्यंत क्वचितच पोचतो. हे कलम अशा आवाहनांना कसे आणि कितपत लागू होते, हे आपण एकदा जाहीरपणे सांगावे.

फसवणूक झाली तर पोलीस आहेत. मला विचारायचे आहे ते पूर्णपणे खऱ्या असलेल्या आवाहनांबद्दल. आजार खरा, कुटुंब खरे, खर्चाचे अंदाजपत्रकही खरे. आणि त्या कागदाच्या माथ्यावर एखाद्या धर्मादाय रुग्णालयाचे नाव. अशा रुग्णालयांना त्याच अधिनियमाचे कलम ४१ एए लागू आहे. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. त्यासाठी इतर रुग्णांच्या बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर रुग्ण निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटकातला.

म्हणजे ज्या इमारतीत गरिबाच्या उपचारासाठी कायद्याने निधी ठेवला आहे, तिच्याच पायरीवर बसून त्याचा बाप अनोळखी लोकांपुढे हात पसरतो. त्याला योजनेची माहिती दिली का? अर्ज घेतला का? नाकारला असेल तर कशामुळे? शंभर-पाचशे रुपये पाठवणाऱ्याला यातले काहीच कळत नाही. आपण रुग्णाला मदत केली की रुग्णालयाचे कायदेशीर ओझे हलके केले, हेही त्याला ठाऊक नसते.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात. पहिली, धर्मादाय रुग्णालयाने अंदाजपत्रक देतानाच त्यावर लिहावे की रुग्णाची पात्रता तपासली, राखीव खाट किंवा महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा लाभ मिळाला, अथवा अमुक कारणाने मिळाला नाही. खाली वैद्यकीय समाजसेवकाची सही असावी. दुसरी, आवाहनातून आलेले पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जावेत आणि अंतिम बिलाची रक्कम देणगीदारांना कळवावी. रुग्ण दगावला किंवा गरजेपेक्षा जास्त जमले तर शिल्लक कुणाची, हे मागतानाच सांगावे. आवाहन चालवणाऱ्या ऑनलाइन मंचाचे शुल्क किंवा ‘टिप’ही तिथेच दिसावी. तिसरी, मुलाचा चेहरा दाखवण्याची सक्ती नसावी. डिपॉझिटच्या धास्तीत दिलेली संमती मोकळ्या मनाने दिलेली नसते, आणि ते मूल बरे होऊन शाळेत गेले तरी तो फोटो इंटरनेटवर फिरतच राहतो.

एवढ्या कागदपत्रांत जीव जाईल, असे कुणी म्हणेल. पण अंदाजपत्रक लिहिलेच जाते; त्यात दोन ओळींची भर पडेल. शिवाय तातडीच्या रुग्णाला दाखल करून आधी उपचार द्यावेत, हे त्याच योजनेत सांगितले आहे.

एकदा संशय शिरला की देणगीदार लबाड आणि प्रामाणिक यांत निवड करत बसत नाही. तो सरळ हात आखडता घेतो. त्याचा फटका सर्वांत आधी बसतो तो चोख हिशेब ठेवणाऱ्या, पण जाहिरातीला पैसा नसलेल्या छोट्या संस्थांना. माझ्या तीन सूचनांतली पहिली तर फक्त आपल्या अखत्यारीतल्या रुग्णालयांपुरती आहे. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहू नये. आपण एक परिपत्रक काढावे आणि तपासणीला येणाऱ्या निरीक्षकांना ती अंदाजपत्रके पाहायला सांगावीत.

आपला,
एक देणगीदार