ओझोन सावरला, भुर्दंड दमेकऱ्यांना

१९५५ साली अमेरिकेतील रायकर लॅबोरेटरीजचे अध्यक्ष जॉर्ज मेसन यांना त्यांच्या दमेकरी मुलीने विचारले, केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखे माझे औषध डबीत का भरता येत नाही? कथा असे सांगते; पुढच्याच वर्षी मोजकी मात्रा फवारणारा पंप बाजारात आला, हे मात्र निश्चित. तोवर रबरी फुगा दाबून चालवायचा काचेचा नाजूक फवारा वापरावा लागे. डबीतले औषध बाहेर ढकलायला वायू हवा. तो होता सीएफसी. पेट घेत नाही, श्वासात गेला तरी बाधत नाही. त्या काळी त्यात खोट दिसावी तरी कशी?

१९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवून दिले, की हाच वायू ओझोनचा थर विरवू शकतो. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर शीतकपाटांतून, सुगंधी फवाऱ्यांतून तो हद्दपार होऊ लागला. दम्याच्या पंपांना सवलत मिळाली, आणि ती योग्यच होती.

माझा आक्षेप पुढच्या प्रकरणाला आहे. अमेरिकेत सीएफसीवर चालणारे साल्ब्युटामॉलचे पंप २००८ च्या अखेरीस बंद झाले. औषध तेच, वायू नवा. आणि नव्या पंपांवर नवी पेटंटे. स्वस्त जेनेरिक पंप नाहीसे झाले. खासगी विमा असलेल्या रुग्णाला एका पंपामागे २००४ साली सरासरी १३.६० डॉलर पदरचे मोजावे लागत. बंदीनंतर २५ डॉलर. विमा नसलेल्यांचे काय झाले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

बरे, नवा एचएफसी तरी निर्दोष? ओझोनला तो धक्का लावत नाही. पण शंभर वर्षांच्या हिशेबाने, तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता कोंडतो. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने त्याचाही वापर घटवण्याचे ठरले आहे.

वायू न लागणारे साधन आपल्याकडे औषधांच्या दुकानात कित्येक वर्षे मिळते: कॅप्सूल घालून फिरवायचा आणि आपल्याच श्वासाने भुकटी ओढायचा रोटाहेलर. ज्याला तो झेपतो, त्याला डॉक्टरांनी तो आधी सुचवावा. पण लहान मुलाला किंवा तीव्र झटक्यात गुदमरणाऱ्याला तेवढा श्वास ओढवत नाही. त्यांना पंपच हवा, आणि त्याबद्दल त्यांना अपराधी ठरवणे हा निव्वळ उद्धटपणा आहे.

वायू बदलण्याचा दुसरा फेरा आता सुरू झाला आहे. नव्या पंपाची किंमत सरकारांनी आधी बांधून घ्यावी. तोवर जुना स्वस्त पंप दुकानातून उचलू नये.