विश्लेषण : इमॅजिकाच्या सहलीला भाड्याची गाडी घेताय? अपघात झाला तर भरपाई कोण देणार, हे नंबर प्लेटच्या रंगावरून कसे ठरते?

शाळांना सुट्टी लागली की सांगवी, पिंपळे गुरव भागातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: ‘रविवारसाठी सात सीटर गाडी हवी आहे, कुणाच्या ओळखीत आहे का?’ आई-वडील, दोन मुले आणि आजी-आजोबा असे सहा जण खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कला निघाले की घरची छोटी गाडी पुरत नाही. उत्तरही लगेच मिळते. कुणाच्या तरी मित्राची अर्टिगा, दिवसाचे भाडे इतके, डिपॉझिट इतके, ‘गाडी तुम्हीच चालवा’. ही गाडी बहुतेक वेळा पांढऱ्या नंबर प्लेटची, म्हणजे खासगी असते. टॅक्सीपेक्षा ती स्वस्त पडते, कागदपत्रांची कटकट नसते. संध्याकाळी सगळे सुखरूप परतले तर त्यात काही चुकीचे होते, असे कुणाला वाटतही नाही. बोरघाटात काही घडले, तर मात्र भाड्यात वाचलेल्या हजार रुपयांची किंमत लाखांत मोजावी लागू शकते.

प्लेटचा रंग काय सांगतो?

पांढऱ्या प्लेटवर काळी अक्षरे म्हणजे खासगी वापराची गाडी. पिवळ्या प्लेटवर काळी अक्षरे म्हणजे परवाना असलेली टॅक्सी, जी ड्रायव्हरसह भाड्याने मिळते. काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरे म्हणजे ग्राहकाने स्वतः चालवायची भाड्याची गाडी. इलेक्ट्रिक गाड्यांची प्लेट हिरवी असते. तिच्यावर पांढरी अक्षरे असतील तर गाडी खासगी, पिवळी असतील तर व्यावसायिक.

इंजिनाला प्लेटचा रंग कळत नाही. चाकणच्या पट्ट्यात बनलेली एकच गाडी तिन्ही रंगांत धावू शकते. फरक पडतो तो परवाना, फिटनेस तपासणी आणि विम्यात.

खासगी गाडी भाड्याने देणे गुन्हा आहे का?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६६ नुसार भाडे घेऊन गाडी वापरायची तर परवाना लागतो. तो नसेल तर कलम १९२-अ लागू होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपये दंड अशी तरतूद त्यात आहे. हे कलम गाडी ‘वापरू देणाऱ्या’ मालकापुरते नाही, गाडी ‘चालवणाऱ्या’लाही लागू होते. म्हणजे स्टिअरिंगवर बसलेला ग्राहकही त्यात येतो. कलम २०७ खाली पोलीस किंवा आरटीओचे अधिकारी गाडी ताब्यातही घेऊ शकतात. एक्स्प्रेस-वेच्या कडेला गाडी अडवली गेली तर दुपारच्या राइड्स बाजूलाच राहतील.

मित्राने किंवा नातेवाइकाने पैसे न घेता गाडी दिली, तर हा प्रश्न येत नाही. कायद्याचा आक्षेप भाडे घेण्यावर आहे, गाडी उसनी देण्यावर नाही. गाडी एखाद्या ॲपवर दिसते म्हणून तिला परवाना आहे, असेही नाही. ॲपवर बुक करतानाही प्लेटचा रंग विचारायलाच हवा.

केरळमध्ये हा मुद्दा फार वाईट पद्धतीने पुढे आला. डिसेंबर २०२४ मध्ये आलप्पुळा येथे वैद्यकीय विद्यार्थ्यांची गाडी राज्य परिवहनच्या बसवर आदळली आणि सहा विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. गाडी खासगी होती आणि भाड्याने दिली गेल्याचे तपासात पुढे आले. त्यानंतर केरळच्या मोटार वाहन विभागाने खासगी गाड्या भाड्याने देणे बेकायदा असल्याचे पुन्हा स्पष्ट केले. कायदा केंद्राचा आहे. सांगवीतही तोच लागू आहे.

विमा कंपनी कुठे हात वर करते?

खासगी गाडीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ असा एक मजकूर असतो. भाड्याने वापर झाल्यास संरक्षण नाही, असे त्यात लिहिलेले असते. ही ओळ सहसा कुणी वाचत नाही, सर्व्हेअर मात्र वाचतो. अपघातानंतर जबाब होतात, यूपीआयवरचे भाड्याचे पैसे दिसतात, व्हॉट्सॲप संदेश दिसतात. ‘मित्राची गाडी आहे’ हा बचाव तिथे टिकणे कठीण असते.

गाडीचे स्वतःचे नुकसान झाले असेल तर न्यायालयांनी थोडी सवलत दिली आहे. खासगी विमा असलेली गाडी भाड्याने वापरल्याचे कारण देऊन चोरीचा दावा नाकारला गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ७५ टक्के रक्कम देण्याचा निर्णय कायम ठेवला. २०१० च्या एका निकालातही असा दावा पूर्णपणे फेटाळणे न्यायालयाला मान्य झाले नाही. पण हे पैसे मालकाला मिळतात, तेही ग्राहक मंचापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वर्षानुवर्षे भांडल्यावर. तोपर्यंत मालक दुरुस्तीचा खर्च कुणाकडे मागणार, हे उघड आहे.

तुमच्या हातून तिसऱ्या व्यक्तीला दुखापत झाली तर प्रकरण गंभीर होते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालक, मालक आणि विमा कंपनी तिघेही प्रतिवादी असतात. परवाना नसलेली गाडी भाड्याने वापरली, हा बचाव घेण्याची मुभा कायद्यानेच विमा कंपनीला दिली आहे. अनेकदा न्यायाधिकरण कंपनीला सांगते की आधी जखमीला पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. जखमीला न्याय मिळतो, पण बोजा फिरून मालकावर आणि निष्काळजीपणे गाडी चालवल्याचे सिद्ध झाले तर चालकावर येतो.

तिसरा मुद्दा सर्वांत कमी माहीत असलेला आहे. तो काळ्या प्लेटच्या गाडीलाही लागू होतो, म्हणून नियम पाळणाऱ्यांनीही वाचावा. पॉलिसीतले १५ लाखांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण ‘मालक-चालका’साठी, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्यासाठी असते. भाड्याने घेऊन चालवणारा त्यात बसत नाही. दुसऱ्याची गाडी मागून घेऊन चालवणारा मालकाच्या जागी उभा राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले. त्या प्रकरणात मागून घेतलेल्या मोटारसायकलवर दगावलेल्या चालकाच्या वारसांना विमा कंपनीकडून तिसरा पक्ष म्हणून भरपाई मिळू शकली नाही. थोडक्यात, गाडी चालवणारा कमावता माणूसच संरक्षणाबाहेर राहू शकतो. यावर उपाय गाडीच्या कागदात नाही, स्वतःच्या कागदात आहे. स्वतःच्या नावावरची वैयक्तिक अपघात पॉलिसी किंवा टर्म विमा गाडी कुणाची हे पाहत नाही.

मागे बसलेल्यांचे काय? गाडीला सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर तिच्यात प्रवाशांची जबाबदारी धरलेली असते. फक्त थर्ड पार्टी विमा असलेल्या खासगी गाडीतल्या प्रवाशांबाबत मात्र कंपन्या न्यायालयात वाद घालत आल्या आहेत. आजी-आजोबा आणि मुले याच रकान्यात मोडतात.

मग लोक रीतसर परवाना का घेत नाहीत?

कारण छोट्या माणसासाठी तो रस्ताच नाही. स्वतः चालवायच्या गाड्या भाड्याने देण्यासाठी केंद्राची ‘रेंट अ कॅब’ योजना १९८९ ची आहे. तिच्यात परवान्यासाठी किमान ५० गाड्या लागतात, त्याही अखिल भारतीय पर्यटक परवाना असलेल्या. नवी सांगवीत दोन गाड्या घेऊन धंदा करू पाहणाऱ्याने हे कुठून आणायचे? एक गाडी पिवळ्या प्लेटवर घेऊन ड्रायव्हरसह चालवता येते, पण चावी ग्राहकाच्या हातात देता येत नाही. म्हणून चोरटा बाजार तयार झाला आहे. त्यात सगळेच लबाड आहेत असे नाही. बँकेचा हप्ता फेडण्यासाठी शनिवार-रविवार गाडी देणारेही आहेत.

योजना आली तेव्हा देशात ॲप नव्हते, गाडीचा माग ठेवणारे जीपीएस नव्हते. आज ५० गाड्यांची अट सुरक्षिततेसाठी फारशी उपयोगाची राहिलेली नाही. व्यावसायिक विमा आणि फिटनेस बंधनकारक ठेवून ही संख्या खाली आणली, तर पांढऱ्या प्लेटमागे लपलेल्या कित्येक गाड्या उजेडात येतील. तोवर धोका ग्राहकाच्याच माथी राहणार.

ड्रायव्हरसह टॅक्सी खरेच महाग पडते?

सांगवीहून रक्षक चौक, डांगे चौक, रावेत करत किवळ्याला एक्स्प्रेस-वेवर चढायचे, खोपोलीला उतरायचे आणि पाली रस्त्याने पार्क गाठायचे, असा हा एका बाजूने साधारण ८० किलोमीटरचा रस्ता. येऊन-जाऊन १६०. पण शहराबाहेरच्या फेरीला बहुतेक टॅक्सीवाले दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटरचे पैसे धरतात. समजा दर किलोमीटरला १४ रुपये आहे, तर १६० किलोमीटरचे २,२४० होतात आणि बिल येते ४,२०० चे. शिवाय ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग. हा फरक पाहूनच लोक पांढऱ्या प्लेटकडे वळतात. फोनवर ‘किलोमीटरचा दर काय’ एवढेच विचारू नका, ‘किमान किती किलोमीटर धरता’ हे आधी विचारा. ठरावीक रकमेत इमॅजिकाची फेरी करणारेही असतात आणि इथे घासाघीस चालते.

दिवसभर पाण्यात खेळून दमल्यावर रात्री घाट चढताना ताजातवाना ड्रायव्हर असणे, याचे मोल बिलात दिसत नाही. स्वतः चालवत असाल तर सकाळी उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवू नका, खालच्या गिअरमध्ये उतरा. भरलेल्या सात सीटरचे ब्रेक तापले की पकड कमी होते, आणि परक्या गाडीत ते लवकर लक्षात येत नाही.

गाडी ताब्यात घेताना काय पाहाल?

‘एम-परिवहन’ ॲपवर नंबर टाकला की गाडीचा प्रकार दिसतो. ‘मोटार कार’ म्हणजे खासगी, ‘मोटार कॅब’ म्हणजे व्यावसायिक. विमा आणि पीयूसीची मुदतही तिथेच कळते. विमा सर्वसमावेशक आहे का, हे पॉलिसीची प्रत मागून पाहा. ॲपवर मिळणारे ‘डॅमेज प्रोटेक्शन’ हा विमा नव्हे. तुमच्याकडून किती वसूल करायचे याची मर्यादा ठरवणारा तो करार आहे, आणि त्यातल्या अपवादांची यादी लांब असते.

काळ्या प्लेटची गाडी चालवायला वेगळा बॅज लागतो, हा समज आता सोडायला हरकत नाही. साडेसात टनांपेक्षा कमी वजनाची व्यावसायिक गाडी साध्या ‘एलएमव्ही’ लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले.

फास्टॅगमध्ये पैसे किती आहेत, हे चावी घेतानाच पाहा. १ एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा असून तो नसल्यास दुप्पट टोल पडतो. वार्षिक पास गाडीला असला तरी इथे उपयोग नाही, कारण तो राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहे.

आणि चलान. एक्स्प्रेस-वेवर २०२४ पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा वेग, लेन आणि सीटबेल्ट तपासते. चलान मालकाच्या नावावर निघते आणि कधी कधी काही दिवसांनी दिसते. डिपॉझिट त्यासाठीच अडवून ठेवले जाते. गाडी घेतल्याची आणि परत केल्याची तारीख-वेळ मेसेजवर लिहून घ्या, घेण्याआधीच त्या नंबरवर किती चलान बाकी आहेत याचा स्क्रीनशॉट ठेवा, आणि गाडीभोवती फिरून एक व्हिडिओ काढा, ज्यात किलोमीटर आणि इंधनाचा काटा दिसेल.