टोल उठवा, डिझेलवर घ्या. पण घेतलेले रस्त्यालाच लावा

अमेरिकेतल्या ट्रकमालकांची सर्वांत मोठी संघटना, अमेरिकन ट्रकिंग असोसिएशन्स, आपल्या सरकारकडे गेली कित्येक वर्षे एक मागणी करते आहे. ऐकून आपल्याकडचा ट्रकवाला कानाला हात लावेल: डिझेलवरचा कर वाढवा. तिथे गॅलनमागे 24.4 सेंट केंद्रीय कर आहे आणि 1993 पासून तो एका सेंटानेही वाढलेला नाही. 1956 साली उभारलेला महामार्ग निधी याच इंधनकरावर चालतो. महागाई वाढत गेली, कर गोठून राहिला आणि 2008 पासून त्या निधीला सरकारच्या सामान्य तिजोरीतून ठिगळे लावावी लागत आहेत. म्हणून संघटनेने इंधनावर गॅलनमागे 20 सेंट, चार वर्षांत टप्प्याटप्प्याने वाढवा, असा प्रस्ताव मांडला. तीच संघटना र्‍होड आयलंड राज्याने 2018 मध्ये फक्त ट्रकवर टोल बसवला तेव्हा मात्र कोर्टात गेली.

यात दानशूरपणा शोधू नका. खड्ड्यात तुटलेला पाटा, फुटलेला टायर, रांगेत वाया गेलेला दिवस, या सगळ्याचे बिल शेवटी मालकालाच भरावे लागते. रस्ता खराब असला की तो दोनदा पैसे देतो. त्यापेक्षा कर द्यावा आणि रस्ता मागावा, हा त्यांचा हिशेब. इंधनावरचा कर मोजक्या ठिकाणी, घाऊक पातळीवर गोळा होतो. त्याला नाका लागत नाही, फाटक लागत नाही, ठेकेदाराचा वाटा द्यावा लागत नाही. जो जास्त चालवतो, जास्त माल ओढतो, तो जास्त देतो.

ही कल्पना परदेशी म्हणून उडवून लावणाऱ्यांनी आपलाच इतिहास पाहावा. 1927 साली ब्रिटिश सरकारने रस्त्यांसाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. विद्यापीठातले जयकर ग्रंथालय ठाऊक असलेल्या किती जणांना हे ठाऊक असेल? पेट्रोलवर जादा कर घ्या आणि तो रस्त्यांसाठी वेगळा ठेवा, ही त्या समितीची शिफारस. 1929 मध्ये तसा निधी उभा राहिला. 2000 साली केंद्रीय रस्ते निधीचा कायदा झाला, त्यामागेही हीच कल्पना होती.

मग बिघडले कुठे? 2018 मध्ये. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे 8 रुपयांचा रस्ते व पायाभूत सुविधा उपकर बसवला. निधीच्या नावातही ‘पायाभूत सुविधा’ घुसले आणि यादीत रेल्वे, बंदरे, विमानतळ, इस्पितळे, शाळा-कॉलेजे असे बरेच काही आले. इस्पितळे हवीतच, त्यावर वाद नाही. पण ती रस्त्याच्या नावाने का? मे 2020 मध्ये, टाळेबंदीत लोक घरात कोंडलेले असताना, हा उपकर एका झटक्यात 8 रुपयांनी वाढून लिटरला 18 रुपये झाला. 2022 मध्ये डिझेलवर तो 2 रुपयांपर्यंत खाली आला. या चढउतारात रस्त्याला किती लागतात, हा प्रश्न कुणी विचारला होता? तिजोरीला किती लागतात, एवढेच पाहिले गेले. त्यात हा उपकर, म्हणजे राज्यांना करातला जो ठरलेला वाटा मिळतो, त्यातून तो बाहेर.

आणि याच्यावर टोल. 2008 च्या नियमांत एक सोय होती: रस्त्याचा भांडवली खर्च वसूल झाला की टोल 40 टक्क्यांवर आणायचा. 2023 च्या दुरुस्तीने ती सोयही गेली. देखभालीसाठी पैसा लागतो, हे कारण. मग डिझेलवरचा उपकर कशासाठी होता?

टोल कुणासाठी उठतो आणि कुणासाठी उठत नाही, तेही पाहा. 1 जून 2015 पासून महाराष्ट्रात 53 नाक्यांवर सूट मिळाली ती कार-जीपला आणि एसटीला. ऑक्टोबर 2024 मध्ये, विधानसभा निवडणूक महिन्यावर असताना, मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर टोल माफ झाला तो हलक्या वाहनांना. 15 ऑगस्ट 2025 पासून 3000 रुपयांत 200 फेऱ्यांचा वार्षिक पास निघाला तो खासगी कार, जीप, व्हॅनसाठी. कारवाला मतदार आहे, टीव्हीसमोर बोलतो. ट्रकचा ड्रायव्हर मतदानाच्या दिवशी बहुधा दुसऱ्याच राज्यात असतो.

हा आपल्या घरचा प्रश्न आहे, हे वेगळे सांगायला नको. मालवाहतूक, वाहनदुरुस्ती, कापड या धंद्यांत मुस्लिम कामगारांचे प्रमाण जास्त असल्याचे 2006 च्या सच्चर अहवालाने नोंदवले होते. मालेगावचे कापड, भिवंडीची गोदामे, गावोगावचे बॉडीवाले, पंक्चरवाले, इलेक्ट्रिशियन, सगळ्यांची चूल याच चाकावर फिरते. एका ट्रकचा मालक स्वतःच स्टिअरिंगवर बसतो तेव्हा टोल त्याच्या खिशातून जातो. भाडे ठरवताना व्यापारी तो धरत नाही, आणि परतीचा माल मिळाला नाही तर रिकाम्या गाडीलाही भरलेल्या गाडीइतकाच टोल. डिझेल तरी रिकामी गाडी कमी पिते.

आता हिशेब. 2023-24 मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर सुमारे 55 हजार 900 कोटी रुपये टोल गोळा झाला. त्या वर्षी देशात डिझेल खपले साधारण 9 कोटी टन, म्हणजे अंदाजे 10 हजार 800 कोटी लिटर. भागाकार करा: लिटरमागे पाच रुपयांच्या आसपास. एवढ्यात राष्ट्रीय महामार्गांवरचा प्रत्येक नाका उठू शकतो. मे 2020 मध्ये एका रात्रीत वाढवलेल्या 8 रुपयांपेक्षा हे कमी आहे! ज्या कंपन्यांशी करार झालेत त्यांना ठरलेले हप्ते निधीतून देता येतात. वार्षिक हप्त्यावर रस्ते बांधून घेण्याची पद्धत आपल्याकडे आधीपासून आहेच.

आक्षेप आहेत आणि ते खोटे नाहीत. टोलच्या रस्त्यावर कधीच न जाणारा ट्रॅक्टरवालाही हे पाच रुपये भरेल. खरे आहे. पण त्याचा कांदा नाशिकहून निघाला की टोल भाड्यातून त्याच्याच भावातून कापला जातो, आणि आजचा उपकरही त्याला चुकलेला नाही. त्याच्या बदल्यात गावच्या रस्त्याचा वाटा कायद्यात लिहून द्या. विजेवर चालणाऱ्या गाड्या डिझेलचा कर देणार नाहीत, हेही खरे. त्यांच्यासाठी वेगळी आकारणी शोधावी लागेल आणि ती आताच शोधलेली बरी.

सर्वांत टोकदार आक्षेप मात्र आपल्याच लोकांविषयी आहे. रस्ता मोडतो तो जड ट्रकमुळे. 1958 ते 1960 दरम्यान अमेरिकेत इलिनॉय राज्यात झालेल्या प्रसिद्ध चाचणीतून निघालेला ठोकताळा असा की अ‍ॅक्सलवरचे वजन दुप्पट झाले की रस्त्याचे नुकसान सोळापट होते. डिझेल काही सोळापट जळत नाही. आपल्या सरकारने जुलै 2018 मध्ये एका अ‍ॅक्सलची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन केली. याच ठोकताळ्याने नुकसान दीडपटीहून जास्त. म्हणजे डिझेलवरचा कर ओव्हरलोड गाडीला स्वस्त पडतो. तेव्हा नाके उठवायचे तर वजनकाटे ठेवावेच लागतील, आणि दंड माल भरणाऱ्या व्यापाऱ्यालाही बसला पाहिजे. आज तो ड्रायव्हरच्या माथी मारला जातो.

ट्रकमालकांच्या संघटनांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. ऑक्टोबर 2015 च्या चक्काजाममध्ये त्यांची भूमिका शहाणी होती: नाके उठवा, आम्ही वर्षाचे पैसे एकरकमी भरतो. जुलै 2018 मध्ये आठ दिवस चाके थांबली, तेव्हा मागणी झाली की डिझेलही स्वस्त करा आणि टोलही काढा. दोन्ही एकदम मागणाऱ्याचे कुणी ऐकत नाही. सरकारने आश्वासन दिले, गाड्या सुटल्या, नाके जागच्या जागी राहिले. पुढच्या वेळी बंद पुकारण्याआधी संघटनांनी लेखी सांगावे की लिटरमागे पाच रुपये आम्ही द्यायला तयार आहोत. सोबत अटीही लिहाव्यात: हा पैसा रस्त्याशिवाय कुठेही जाणार नाही, राज्यांचा वाटा कायद्यात असेल आणि कुठल्या जिल्ह्यात किती किलोमीटर दुरुस्तीला किती खर्च झाला ते दर तीन महिन्यांनी जाहीर होईल. त्या पत्राची एक प्रत कांदा व्यापाऱ्यांच्या संघटनेला, एक यंत्रमागधारकांच्या संघटनेला आणि एक राज्यातल्या प्रत्येक आमदाराला जावी.