पालची सहल आणि आपल्या विहिरी

रावेर तालुक्यांतील पाल हें सातपुड्याच्या कुशींतलें लहानसें गांव सहलीचें ठिकाण म्हणून बरेंच नांवारूपास आलें आहे. पावसाळा लागून डोंगर हिरवा दिसूं लागला कीं, रावेर, सावदा, फैजपूर, भुसावळ येथून मोटारी व फटफट्या रविवारीं तिकडे धांव घेतात. हें पाहून 'पालचें महाबळेश्वर करा' अशी भाषा मधून मधून कानीं येते. ही गोष्ट शेतकऱ्याच्या हिताची आहे कीं नाहीं, याचा विचार या मासिकाच्या वाचकांनीं इतरांच्या आधीं केला पाहिजे असें आम्हांस वाटतें. कारण त्या डोंगराशीं ज्यांचा पोटाचा संबंध आहे असे लोक मुख्यतः दोनच: डोंगरांत राहणारे तडवी व पावरा बांधव, आणि खालीं मैदानांत केळी पिकविणारे आपण.

प्रथम पाहण्याजोगें काय आहे तें सांगतों. पालला लागूनच यावल अभयारण्य आहे. तें 1969 सालीं घोषित झालें असून त्याचें क्षेत्र पावणेदोनशे चौरस किलोमीटरांच्या सुमाराचें आहे. साग, अंजन, सालई, पळस, टेंभुर्णी हीं येथलीं झाडें. बिबट्या, अस्वल, सांबर, मोर हे येथले रहिवासी. डोंगरांतून सुकी नदी उतरते व गारबर्डी येथें तिच्यावर धरण बांधलेलें आहे. पश्चिमेस यावल तालुक्यांत मनुदेवीचें ठाणें आहे. तेथें पावसाळ्यांत देवळासमोरच धबधबा कोसळतो. त्याहीपलीकडे चोपडा तालुक्यांत उनपदेवचा गरम पाण्याचा झरा आहे. दक्षिणेस तापी-पूर्णा संगमावर चांगदेवाचें जुनें मंदिर आहे, आणि बऱ्हाणपूरच्या पुढें 1601 सालीं अकबराच्या हातीं पडलेला असीरगड आहे. रावेरच्या शेतकऱ्यानें पहांटे भाकरी बांधून निघावें आणि यांपैकीं कोणतेंही एक स्थळ पाहून रात्रीं घरीं यावें, इतकीं हीं जवळ आहेत. तरी सहल म्हटली कीं आपल्या मंडळींस लोणावळें व महाबळेश्वर आठवतें.

पण पालचा डोंगर केवळ डोळ्यांचें पारणें फेडण्यासाठीं नाहीं. सातपुडा जेथें संपतो व मैदान सुरू होतें तेथें दगडगोटे, खडी व जाडी वाळू यांचा एक लांबच लांब पट्टा पायथ्याशीं पसरलेला आहे. भूशास्त्रज्ञ त्यास बझाडा म्हणतात. डोंगरांतले नाले भरून येतात आणि या पट्ट्यांत शिरतांच त्यांचें पाणी जमिनींत मुरूं लागतें. तें नाहींसें होत नाहीं. खालून सरकत तापीकांठच्या गाळाच्या थरांत येतें आणि आपल्या विहिरींत व कूपनलिकांत उमटतें. डोंगरावर झाडोरा असेल तर पाऊस पानांवर झेलला जातो, पाचोळ्यांत थबकतो आणि निवळ पाणी सावकाश खालीं येतें. डोंगर उघडा पडला कीं तेंच पाणी माती घेऊन धांवत सुटतें. पूर पाहतां पाहतां तापीस मिळतो आणि मागें राहिलेला गाळ बझाड्याच्या फटी बुजवितो. पाऊस तेवढाच पडला तरी विहिरीच्या वाट्यास पाणी कमी येतें, तें यामुळें.

केंद्रीय भूजल मंडळाच्या अनेक गणनांत रावेर व यावल हे तालुके अतिशोषित म्हणून नोंदले गेले आहेत. याचा अर्थ, वर्षांत जेवढें पाणी जमिनींत भरतें त्याहून अधिक आपण उपसतों. जेथें आजोबांची मोट चालत होती, तेथें नातवाची कूपनलिका शेंकडों फूट खालीं गेली आहे. जळगांवच्या केळीस 2016 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें याचा आपणां सर्वांस अभिमान आहे. पण त्या केळीच्या मुळाशीं हेंच पाणी आहे. तापीचें पुराचें पाणी कालव्यांनीं याच पट्ट्यांत आणून मुरवावें, यासाठीं महाराष्ट्र व मध्यप्रदेश या दोन राज्यांत 10 मे 2025 रोजीं भोपाळ येथें करार झाला. ती योजना तडीस जावो, अशी आमचीही इच्छा आहे. तथापि जो डोंगर हें काम आजवर फुकट करीत आला, त्याला बोडका होऊं द्यावयाचें आणि मग कोट्यवधि रुपये खर्चून तेंच काम कालव्याकडून करवून घ्यावयाचें, हा कोठला हिशेब?

आमचें उभें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर 'इतर हक्क' असें एक सदर असतें. सोसायटीचा बोजा, बँकेचें कर्ज, विहिरींतला हिस्सा, सारें तेथें नोंदलेलें असतें. परंतु ज्याच्या पाण्यावर ती जमीन बागायत झाली त्या डोंगराचा बोजा एकाही उताऱ्यावर आम्हांस आढळला नाहीं. नोंद नाहीं म्हणून देणें नाहीं, असें मात्र समजूं नये. सावकार तगाद्याला माणूस पाठवितो. डोंगर पाठवीत नाहीं, तो नुसता विहीर कोरडी ठेवतो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. पालला मोठमोठीं हॉटेलें झालीं तर प्रथम त्यांना पाणी लागेल, आणि तें त्याच डोंगरांतून काढलें जाईल. रुंद रस्त्यासाठीं झाडें जातील. पैसा येईल हें खरें. पण तो बाहेरच्या धनिकाकडे जाईल आणि पावऱ्याच्या वाट्यास भांडीं घासण्याचें काम येईल. याउलट माथेरानकडे पाहावें. तेथें पाहुण्यांच्या मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात व पुढें बरेच जण पायीं किंवा घोड्यावर जातात. म्हणून तेथें जाणाऱ्यांची रीघ थांबली आहे काय? उलट, त्या शांततेसाठींच लोक जातात आणि घोडेवाल्यांचें पोटही भरतें. पालला हाच धडा गिरवावा. मोटारी गांवाशीं थांबवाव्या, आणि पुढें वन खात्याच्या परवानगीनें स्थानिक तडवी-पावरा तरुणास ठरलेला मेहनताना देऊन वाटाड्या म्हणून घ्यावें. झाडाचें नांव, जनावराचा माग व पाण्याची वाट त्याला जशी ठाऊक आहे तशी कोणत्याही पुस्तकास नाहीं.

डोंगरांतले लोक जंगल तोडतात, अशी तक्रार आपल्या ओट्यावर नेहमीं चालते. तींत तथ्यांश आहे. पण ज्याला उभ्या झाडापासून दोन वेळची भाकर मिळते तो त्यावर कुऱ्हाड घालीत नाहीं, हेंही तितकेंच खरें. मोह, चारोळी, डिंक, मध हा माल आपण त्यांच्याकडून थेट आणि घासाघीस न करतां घेतला, जेवण त्यांच्याच घरीं पैसे देऊन केलें, तर जंगल राखण्यांत त्यांचा व आपला स्वार्थ एक होईल. होळीपूर्वीं भरणारा भोंगऱ्या बाजार जरूर पाहावा. मात्र पाहुण्यासारखें जावें. तो त्यांचा सण आहे, आपल्या छायाचित्रांसाठीं मांडलेला तमाशा नव्हे.

सहलीची शिस्त हाही महत्त्वाचा विषय आहे. 30 जून 2024 रोजीं लोणावळ्याजवळ भुशी धरणामागील धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. डोंगरांतील नाला वरच्या पावसानें क्षणांत फुगतो. आपल्या डोक्यावर ऊन असतांही पाणी येतें. म्हणून पावसाळ्यांत धबधब्याखालीं व धरणाच्या पाण्यांत उतरूं नये, आणि मुलांस मुळींच उतरूं देऊं नये. दारूची बाटली व प्लॅस्टिकची पिशवी घरीं ठेवावी. उन्हाळ्यांत जंगलांत विडीचें थोटुक टाकणें म्हणजे आपल्याच विहिरींत माती लोटणें होय, कारण वाळलेल्या पाचोळ्यास लागलेली आग पाणी धरून ठेवणारें पांघरूण जाळून टाकते.

शेतकऱ्याला सहलीस वेळ व पैसा कोठला, असें कोणी म्हणतील. परंतु याच मुलखांतल्या शेतकऱ्यांनीं डिसेंबर 1936 मध्यें फैजपूरला खेड्यांत भरलेलें पहिलें काँग्रेस अधिवेशन पार पाडलें. नंदलाल बोस यांच्या देखरेखीखालीं बांबूसारख्या साध्या साहित्यांतून तेथें नगर उभें राहिलें व देशभरच्या पाहुण्यांची सोय झाली. थाटावांचून पाहुणचार कसा करावा हें आपणांस कोणी शिकवावें असें नाहीं. तोच कित्ता पालला गिरवावयाचा आहे.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक गांवच्या विविध कार्यकारी सोसायटीनें यंदा श्रावणांत शाळेच्या मुलांसह पालची एक सहल काढावी. पहिला मुक्काम धरणावर न करतां पायथ्याच्या एखाद्या नाल्यांत करावा आणि पाणी कोठें मुरतें तें मुलांस डोळ्यांनीं दाखवावें. परतल्यावर गांवांतील पांच विहिरींचें पाणी किती हातांवर आहे तें मोजून वहींत तारखेसह लिहावें, आणि दरवर्षीं त्याच महिन्यांत पुन्हा लिहावें. ज्या सोसायट्या अशी नोंद धाडतील त्यांचे आंकडे या मासिकांत छापावे, अशी विनंति आम्ही संपादकांस करीत आहोंत. दहा वर्षांनीं ती वही उघडली म्हणजे डोंगराचें देणें आपण फेडलें कीं बुडविलें, तें कोणास विचारावें लागणार नाहीं.